पिवळ्या छत्रीच्या मागे चला

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आंतरराष्ट्रीय परिषदेला आलेले एकोणचाळीस तज्ज्ञ रेल्वे स्थानकातून बाहेर पडले आणि माझ्या सासूबाईंच्या मागे चालू लागले.

सासूबाई परिषदेला निघाल्या नव्हत्या. त्या ड्रायव्हिंगची परीक्षा द्यायला निघाल्या होत्या. चौथ्यांदा.

हे कसं घडलं ते क्रमाने सांगतो. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. वार्ताहर चारशे शब्द आणतो, मी त्याचे सव्वाशे करतो आणि वाचकाचं काही अडत नाही. माझ्या हाताखालून अनावश्यक शब्द सुटत नाही, अशी माझी ख्याती आहे. बायको म्हणते, घरात तर आवश्यकही सुटत नाही. ती दातांची डॉक्टर आहे. समोरच्याला तोंड उघडून गप्प बसवायची तिला सवय आहे.

परिषद होती 'पायी चालणारी माणसं आणि गर्दी' या विषयावर. देशोदेशीचे तज्ज्ञ येणार होते. माणूस फलक बघून कसा वळतो, बाण बघून कसा थांबतो, एकाच्या मागे दहाजण का जातात, यावर या मंडळींनी हयात घालवलेली! परिषदेचे स्वागताध्यक्ष म्हणजे आमच्या संपादकांचे शाळेतले मित्र. पाहुण्यांसाठी त्यांनी एक प्रवास मार्गदर्शिका लिहिली होती. विमानतळावरून कसं यावं, कुठली गाडी धरावी, कुठे उतरावं. पानं नऊ. त्यात दोन पानं स्थानकाच्या घड्याळाचा इतिहास.

"जरा हात फिरवता का?" स्वागताध्यक्ष म्हणाले.

मी हात फिरवला. नऊ पानांचं एक पान झालं. मूळ मजकुरात शेवटी असं होतं : 'मुख्य दारातून बाहेर आल्यावर परिषदेचं ओळखपत्र गळ्यात घातलेले व हातात पिवळी छत्री घेतलेले आमचे स्वयंसेवक आपल्या स्वागतास उभे असतील. त्यांना आपलं नाव सांगावं. ते आपणांस बसपर्यंत नेतील.' आता यात किती पाल्हाळ! स्वयंसेवक उभेच असणार, निजलेले कशाला असतील? मी लिहिलं : 'बाहेर या. पिवळ्या छत्रीच्या मागे चला.'

चुकायला जागाच ठेवली नव्हती!

मार्गदर्शिकेपाठोपाठ पाहुण्यांच्या स्वागताची व्यवस्थाही माझ्याच गळ्यात पडली होती, म्हणून छत्र्यांचा एक नमुना पसंतीसाठी माझ्या घरी आला होता. तो दाराशी खुंटीला अडकून राहिला. त्या दिवशी ऊन कडक होतं, आणि सासूबाईंनी बाहेर पडताना हाताला लागली ती छत्री घेतली. परवाना कार्यालय स्थानकाच्या पलीकडे आहे. तिकडे पायी जायचं तर स्थानकाच्या दारावरूनच जावं लागतं. आमचे स्वयंसेवक त्या वेळी दाराच्या आतल्या बाजूला, सावलीत, छत्र्या मिटून गप्पा मारत उभे होते. त्यांचीही चूक नाही. सावलीत छत्री उघडणारा माणूस वेडा दिसतो.

तेव्हा एकोणचाळीस तज्ज्ञ बाहेर आले. समोरून एक उघडी पिवळी छत्री निघालेली दिसली. ते मागे चालू लागले.

इथे सासूबाईंविषयी चार शब्द. एरवी मी दोनच लिहिले असते. त्या शाळेत कवायत शिकवायच्या. मुलं त्यांना शिट्टीबाई म्हणायची, आणि निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी शिट्टी पर्समध्ये आहे. त्यांची थोरली बहीण, आमच्या मोठ्या मावशी, खुब्याचं हाड मोडल्यापासून आठ महिने टेकडीवरच्या शुश्रूषागृहात आहेत. पूर्वी तिकडे बस जायची. ती बंद झाली. या आठ महिन्यांत मी सासूबाईंना दोनदा वर नेलं, आणि दोन्ही वेळा इंजिन चालू ठेवून फाटकाशी उभा राहिलो. बाकीच्या रविवारी माझी पुरवणी असायची.

"मला कुणाच्या सवडीने बहिणीला भेटायचं नाही," असं त्या एके दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आल्या.

परीक्षा घेणारे निरीक्षक एकच. लाल पेनाने नापास करतात म्हणून उमेदवार त्यांना लालशाई म्हणतात. पहिल्या खेपेला त्यांनी सासूबाईंना पट्टा न लावल्याबद्दल नापास केलं, दुसऱ्या खेपेला गाडी हळू चालवल्याबद्दल. तिसऱ्या खेपेला गाडी उत्तम चालली होती, पण मध्येच सासूबाई त्यांना म्हणाल्या, "पाठ सरळ ठेवा."

आता पुन्हा रस्त्यावर. पुढची हकीकत मी नंतर कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून आणि खुद्द सासूबाईंकडून जमवली. शंभरेक पावलांवर त्यांनी वळून बघितलं. मागे कोट-टायमधली, गोरी, सावळी, उंच, बुटकी अशी वरातच! एवढ्या सकाळी या रस्त्याने परीक्षेचे उमेदवारच जातात, हे त्यांना तीन खेपांच्या अनुभवाने ठाऊक होतं. टाय घालून आलेत म्हणजे तयारी आपल्यापेक्षा जास्त, असं वाटून त्यांनी पावलं झपाझप उचलली. पण चौकात सगळे घोळक्याने उभे राहिलेले दिसले, आणि अंगातली शिक्षिका जागी झाली.

"असा काला करून उभं राहायचं नाही! दोन-दोनची रांग!"

कुणाला भाषा कळली नाही. मग शिट्टी वाजली. ती कळली.

चावीवाला म्हणतो, "साहेब, अख्खी वाहतूक थांबली. बाईंनी हात वर केला, आणि ती लांबलचक रांग अशी सुळकन पार झाली, सुईतून दोरा जावा तशी. एक दाढीवाला तर चालता चालता वहीत लिहीत होता!"

दाढीवाले म्हणजे परिषदेचे प्रमुख वक्ते.

मी त्या वेळी सभागृहात, व्यासपीठावरची पाण्याची भांडी मोजत होतो. फोन वाजला. स्वागताध्यक्ष.

"पाहुणे कुठायत?"

"बसमध्ये असतील."

"बसमध्ये ड्रायव्हर आहे. एकटा. झोपलाय! उद्घाटनाला मंत्री निघालेत घरून!"

फोन ठेवतो तोच दुसरा. बायको.

"काय रे, परदेशी माणसांना आपल्याकडे लायसन काढावं लागतं का?"

"मला वेळ नाहीये आत्ता."

"तुला कधी होता? आईचा फोन होता. म्हणाली, परीक्षेला आज चाळीसेक परदेशी आलेत. फार शिस्तीची माणसं, छत्री फिरवली की वळतात."

"कुठली छत्री?"

"दाराशी होती ती. पिवळी."

मी स्कूटरला किक मारली. ती सुरू होईपर्यंत माझं मार्गदर्शिकेतलं ते वाक्य मनात तीनदा वाचून झालं. वाक्य निर्दोष होतं.

परवाना कार्यालयाच्या मागच्या मैदानात चाचणीचा मार्ग आखलेला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना एकोणचाळीस तज्ज्ञ हाताची घडी घालून उभे होते. घडी घालायला कुणी सांगितलं असेल ते सांगायला नको. लालशाईंनी शर्टाचं वरचं बटण लावलं होतं. मला बघताच त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला ओढलं.

"आधी कळवायचं ना हो! आंतरराष्ट्रीय तपासणी, आणि आम्हाला साधं पत्र नाही?"

"कसली तपासणी?"

"बरोबर. तुम्हीही बोलू नका, मीही बोलत नाही." आणि जाता जाता त्यांनी खिशातलं लाल पेन काढून निळं लावलं.

सासूबाई गाडीत बसल्या होत्या. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, स्कूलवाला चहाला गेलेला. मी खिडकीशी वाकलो.

"आई, ही माणसं माझी आहेत."

"तुमची? मग इतकी शहाणी कशी?"

"परिषदेचे पाहुणे आहेत. चुकून तुमच्या मागे आले. मी त्यांना घेऊन जातो."

"परीक्षा होईपर्यंत एकही हलणार नाही," सासूबाई पुढे बघत म्हणाल्या. "मागच्या खेपेला हे साहेब मला काय म्हणाले होते? 'आजी, उतरा.' आज म्हणाले, 'मॅडम, बसा.' ही माणसं गेली की मी पुन्हा आजी."

"आई, तिकडे मंत्री थांबलेत हो!"

"थांबू देत. माझी बहीण आठ महिने थांबलीय."

मी पाहुण्यांकडे गेलो. दाढीवाल्या प्राध्यापकांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. उद्घाटनाचं कंटाळवाणं भाषण टाळून थेट प्रात्यक्षिक ठेवल्याबद्दल त्यांनी आयोजकांचं अभिनंदन केलं. त्या पिवळ्या छत्रीवाल्या बाई कुठल्या विद्यापीठाच्या, असंही विचारलं. खरं सांगितलं असतं तर लालशाईंच्या कानावर गेलं असतं. मी म्हणालो, "स्वतःच्याच."

परीक्षा सुरू झाली. सासूबाईंनी पट्टा लावला, आरसे बघितले. गाडीने आठचा आकडा असा काढला की फळ्यावर खडूनेही तसा निघणार नाही! उलटी नेऊन दोन खांबांच्या मध्ये लावली. मध्येच एक मांजर मार्गावर येऊन बसलं, तर त्याची आंघोळ होईपर्यंत थांबल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी लालशाईंकडे बघितलं.

"झाली ना पास?"

लालशाईंनी पाहुण्यांवर नजर टाकली आणि आवाज चढवला. "नियमाप्रमाणे रस्त्यावरचीही परीक्षा असते! आम्ही सहसा... म्हणजे आम्ही नेहमीच घेतो!"

आणि इथे मला सुचलं. मी म्हणालो, "साहेब, मग सभागृहापर्यंतच घ्या ना परीक्षा. पाहुण्यांनाही तिथेच यायचंय."

एका दगडात दोन पक्षी! लालशाई पुढच्या सीटवर बसले. दाढीवाले प्राध्यापक हट्टाने मागे बसले. उरलेल्यांसाठी बस बोलावली. मी खिडकीशी जाऊन सासूबाईंना सांगितलं, "सरळ जायचं, आणि पुलाशी उजवीकडे."

"हं," सासूबाई म्हणाल्या.

तो 'हं' मी होकार समजलो. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी!

बसचा ड्रायव्हर डोळे चोळत म्हणाला, "कुठे घ्यायची, साहेब?"

घाई होती. मी म्हणालो, "पुढच्या गाडीच्या मागे चल."

स्कूटरने मी आधी पोचलो. मंत्री आले होते. स्वागताध्यक्ष रिकाम्या खुर्च्यांसमोर त्यांना सभागृहाच्या छताविषयी माहिती देत होते. दहा मिनिटं झाली. वीस झाली. छताची माहिती संपून भिंतींची सुरू झाली. निघताना लालशाईंनी आग्रहाने दिलेल्या नंबरवर मी त्यांना फोन लावला.

"साहेब, कुठवर आलात?"

"तपासणी अधिकारी फार खूश आहेत हो! मागे बसून गाणं म्हणतायत."

"पण आहात कुठे?"

"टेकडी चढतोय."

"टेकडी? पुलाशी उजवीकडे सांगितलं होतं मी!"

"मीही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, परीक्षा चालू असताना बोलायचं नाही."

"अहो, मग वळताना थांबवायचं ना!"

"कसं थांबवणार? नियमात काही चुकलंच नाही. डावीकडे वळल्या, डावा दिवा दाखवून वळल्या."

"आणि बस?"

"मागेच आहे. तुमचा ड्रायव्हर चांगला आहे."

मंत्री पाऊण तास थांबून गेले. जाताना ते स्वागताध्यक्षांना काय म्हणाले ते मला कळलं नाही. स्वागताध्यक्ष मला काय म्हणाले ते सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत नीट ऐकू गेलं. तिथली ध्वनियोजना उत्तम आहे.

दुपारी टेकडीवरून आलेल्या बातम्या अशा. गाडी शुश्रूषागृहाच्या आवारात दोन रुग्णवाहिकांच्या मधोमध, दोन्हीकडे सारखं अंतर ठेवून लावण्यात आली. मोठ्या मावशींनी आधी सासूबाईंकडे, मग गाडीकडे बघितलं आणि विचारलं, "कुणी आणलं तुला?" सासूबाई म्हणाल्या, "मी." यावर मावशी म्हणाल्या, "पुन्हा सांग," असं लालशाई सांगतात. ते स्वतः खिडकीबाहेर बघत होते म्हणे. मग मावशी वॉकर घेऊन व्हरांड्यात चालायला उठल्या. माणूस पडल्यावर पुन्हा चालायला कसा लागतो, हा पाहुण्यांपैकी सहाजणांचा खास विषय निघाला. परिषदेचं पहिलं सत्र तिथेच, व्हरांड्यात झालं.

चार वाजता मी पुन्हा फोन केला.

"साहेब, एकच सांगा. आई पास की नापास?"

"गाडी कार्यालयात परत आणून लावल्याशिवाय परीक्षा संपत नाही. नियम आहे."

"मग आणायला सांगा."

"सांगितलं. म्हणाल्या, बहिणीशी बोलणं संपलं की निघू."

"तुम्ही आणा चालवत."

"मी? किल्ली मॅडमच्या पर्समध्ये आहे." मग लालशाईंचा आवाज खाली आला. "आणि खरं सांगू का, मलाही घाई नाही. इथे सगळे मला साहेब म्हणतायत."

हे लिहून होईपर्यंत साडेपाच झाले आहेत. परवाना कार्यालय सहाला बंद होतं. बायको दवाखाना मिटून टेकडीवर पोचली आहे. माझ्यासाठी काही निरोप आहे का असं विचारलं, तर म्हणाली, "सध्या नाही." निकाल लागलेला नाही. तिने आत्ताच कळवल्याप्रमाणे, दोघी बहिणींच्या आठ महिन्यांच्या गप्पांपैकी तिसरा महिना नुकताच सुरू झाला आहे.