बटण सत्तेचाळीस

पसारा मला सहन होत नाही. माझे मोजे रंगाप्रमाणे लावलेले असतात, औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे, आणि बायको म्हणते की पाहुणे आले तरी मी त्यांना ओळीतच बसवतो. म्हणूनच ऑफिसातले आमचे प्रमुख, सगळ्यांचे काका, निवृत्त झाले आणि त्यांनी लिहिलेला प्रोग्राम माझ्या ताब्यात आला, तेव्हा मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, "महिनाभरात लख्ख करून देतो!"

आमचा प्रोग्राम चष्म्याच्या दुकानांत चालतो. पडद्यावर मधोमध एक हसरा चेहरा, त्याच्या प्रत्येक डोळ्याखाली एक रकाना. दुकानदाराने तिथे नंबर भरायचा, 'जतन करा' दाबायचं, की तो थेट काचा घासणाऱ्या कारखान्यात पोचतो. बाहेरून अगदी देखणा. आतून मात्र एकाच फाईलमध्ये चौदा हजार ओळी! खरं तर दिसण्याचं काम एका जागी, डोक्याचं दुसऱ्या जागी आणि साठवणीचं तिसऱ्या जागी असावं. बटणाने फक्त "मला दाबलं हो!" एवढं ओरडावं आणि गप्प बसावं. काकांनी सगळं बटणांच्याच पोटात कोंबलेलं. 'शोधा'च्या पोटात छपाई, 'छापा'च्या पोटात ग्राहकांचे वाढदिवस. 'बंद करा'च्या आत काय आहे ते बघायला मी शिरलो, तो दोन दिवस मला बाहेर यायची वाट सापडेना!

"हे आवरून दाखव," साहेब म्हणाले, "प्रमुखाची खुर्ची तुझी."

नऊ वर्षं मी त्या खुर्चीकडे बघत होतो. नऊ वर्षं काका तिच्यावर उशी ठेवून बसले होते. मला ती हवी होती, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

तीन आठवडे झाडलोट केली. मग एके दिवशी कंपनीच्या चिन्हामागे लपवलेलं, नखाएवढं एक बटण सापडलं. नाव काय, तर बटण ४७! माणसाला ते दिसतच नव्हतं, तर तो दाबणार कुठून? 'जतन करा' दाबलं की प्रोग्राम स्वतःच ते गुपचूप दाबायचा. आणि ते करायचं काय? डावीकडच्या रकान्यातला नंबर उजव्या डोळ्याच्या नावावर, उजवीकडचा डाव्या डोळ्याच्या नावावर!

मी काकांना फोन लावला.

"काका, बटण सत्तेचाळीस कशासाठी?"

"असू दे ते. हात लावू नकोस."

"पण कारण काय?"

"आहे कारण." आणि फोन बंद!

काय हा तोरा! निवृत्त झाले तरी किल्ल्या कमरेलाच! मी ते बटण उडवलं. डावं ते डावं, उजवं ते उजवं, इतकी साधी गोष्ट! मग माझाच नंबर भरून तपासणी केली. दोन्ही डोळ्यांना दोन. बरोबर साठवलं गेलं. पुन्हा भरला, पुन्हा बरोबर. सोमवारी नवा प्रोग्राम सगळ्या दुकानांत गेला, आणि मी घरून एक उशी आणून टेबलाच्या खणात ठेवली.

त्याच आठवड्यात माझ्या सासऱ्यांनी नवा चष्मा केला. सासरे आमच्याकडेच असतात. पहिल्या दिवशी त्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला. दुसऱ्या दिवशी दाराऐवजी कपाटातून बाहेर जायचा प्रयत्न केला.

चष्मेवाला म्हणाला, "नवा चष्मा आहे, सवय होईल."

बायको घाबरली. "अहो, बाबांच्या मेंदूला काही झालं असेल का?"

"वय झालंय," मी समजूतदारपणे म्हणालो.

सासऱ्यांना ते ऐकू आलं. त्यांच्या कानांना काही झालं नव्हतं. मग मेंदूची तपासणी झाली. डॉक्टरांनी बोटं दाखवून विचारलं, "किती?" सासरे म्हणाले, "कुणाची?"

तिकडे ऑफिसात साहेब नव्या चष्म्यातून कागदाच्या बाहेर, टेबलावर सह्या करत होते. तरी एकाही दुकानातून तक्रार नाही! का? तर प्रत्येक दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगत होता, सवय होईल! आख्खं गाव भिंती चाचपत सवय करून घेत होतं आणि मला वाटत होतं, काय उत्तम चाललाय माझा प्रोग्राम!

रविवारी सकाळी सासऱ्यांनी वैतागून चष्मा उलटा घातला. वरची कड खाली, खालची वर.

"अगं!" ते ओरडले. "दिसतंय! बारीक अक्षरसुद्धा दिसतंय!"

बायको रडायलाच लागली. तिला वाटलं, आता मात्र बाबा हातचे गेले. मी मात्र तो चष्मा हातात घेऊन उलटसुलट फिरवला. चष्मा उलटा केला की डावी काच उजव्या डोळ्यासमोर येते. मी धावत जाऊन प्रोग्राम उघडला. तो हसरा चेहरा माझ्याकडे बघत होता. समोरून! त्याचा उजवा डोळा माझ्या डाव्या हाताला. चेहरा समोर असला की अदलाबदल करावीच लागते. काकांना ते ठाऊक होतं. सांगितलं नाही, एवढंच.

पाच मिनिटांत मी ती अदलाबदल तिच्या योग्य जागी लिहिली. तोवर तीनशे बारा चष्मे चुकले होते.

मी सगळं कळवल्यावर साहेबांनी बोलावलं. त्यांनीही चष्मा उलटाच घातला होता. "दुरुस्तीला किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं!" मला राहवलं नाही. "काकांच्या पसाऱ्यात आठवडा गेला असता! आता प्रत्येक गोष्ट जागच्या जागी आहे. उद्या कुणीही येऊन करू शकेल!"

"कुणीही?"

"अगदी कुणीही!"

साहेबांनी लगेच काकांना फोन लावला. काका पुढच्याच सोमवारी परत आले, प्रमुख म्हणून. कुठल्या गोष्टीमागे काय कारण आहे हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्याबद्दल काही सांगायची गरज उरली नव्हती, कारण माझं काम आता कुणीही करू शकत होतं. ज्याने कोंबलं त्याला खुर्ची, ज्याने आवरलं त्याला घर. मी उशी घेऊन निघालो. अजून आठवलं की तोंड कडू होतं.

सासरे आता ठणठणीत आहेत. चष्मा सुलटा आहे, फक्त माझ्याशी बोलत नाहीत.

मला दुसरीकडे नोकरी मिळाली. तिथे माझ्या नीटनेटक्या कामाचं फार कौतुक आहे. फक्त चिन्हाच्या चित्रामागे नखाएवढं एक बटण आहे. परवा एका सहकाऱ्याला ते सापडलं.

"हे कशासाठी?"

"असू दे ते," मी म्हणालो. "हात लावू नकोस."

तो दचकून मागे सरला. तुम्हाला म्हणून सांगतो, ते बटण काहीही करत नाही. पुढच्या महिन्यात आणखी दोन ठेवणार आहे.