पाच घड्याळांचे भावजी

आमच्या धाकट्या दिरांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पाच घड्याळं असत, आणि वाटेत भेटेल त्या माणसाला ते विचारत, "किती वाजलं, गड्या?"

सदऱ्याची बाही लांब असल्यामुळं नवख्या माणसाला यात काही वावगं वाटत नसे. तो बिचारा आपलं मनगट पुढं करायचा. भावजी ते धरत. वेळ बघत नसत, घड्याळ बघत. मग त्याचं मनगटच उचलून आपल्या कानाला लावत आणि डोळे मिटून घेत, वैद्यानं नाडी बघावी तसं. डोळे उघडले की पहिला प्रश्न, "केवढ्याला घेतलंसा?" घटकाभरानं एक तर त्या माणसाचं घड्याळ भावजींच्या हातावर आलेलं असे, नाही तर भावजींचं एक त्याच्या हातावर गेलेलं असे. पुष्कळदा दोन्ही.

श्रीपतभावजींचा हाच धंदा होता. ते लढाईचे दिवस. आमच्या रहिमतपूरकडच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत. रजेवर येताना कुणी मिसरातून, कुणी इटलीतून, कुणी ब्रह्मदेशातून घड्याळ घालून येई. चार दिवस गावातून मिरवलं की खिसा रिकामा होई आणि घड्याळ विकायला निघे. कोण रजेवर आलाय हे भावजींना त्याच्या आईच्या आधी कळायचं. मग कधी सायकलवरून साताऱ्याला, कधी आगगाडीनं सांगलीला. साताऱ्यात घेतलेलं सांगलीत विकायचं आणि सांगलीत घेतलेलं साताऱ्यात, असा त्यांचा नेम होता. साताऱ्याचं साताऱ्यातच का विकत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वैनी, घेणारा दुसऱ्या दिशी गाठ पडतोय की."

घरात बसलेलं असं मी त्यांना कधी पाहिलं नाही. भाकरी दारात उभं राहून खायची, चहा ओसरीवर येरझारा घालत प्यायचा. रात्री अंथरूण टाकावं तर तीनदा जागा बदलायचे. सासूबाई ओरडल्या की म्हणत, "आये, माल आन् माणूस, हलता बरा." त्यांचं लग्न झालं होतं. दोन वर्षांत बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. दुसरं लग्न करा म्हणून यांनी पुष्कळ सांगितलं. भावजी ऐकून घेत आणि सायकल काढत. बायको गेली त्याच महिन्यात आमची हौसा झाली होती. रडायला लागली की भावजी तिला खांद्यावर टाकून अंगणात फिरवत. पोरगी झोपली तरी भावजींचं फिरणं थांबत नसे.

मी चौथी शिकलेली, आणि घरात आकडे वाचणारी बाई एकटीच. म्हणून भावजी फिरतीवर गेले की घरी डब्यात ठेवलेल्या उरलेल्या घड्याळांना चावी द्यायचं काम माझ्याकडं. "दुधाची धार काढल्यागत हळू हातानं, वैनी," असं त्यांनी शिकवलं होतं. रोज चावी देता देता मला त्या घड्याळांचे स्वभाव कळायला लागले. एक दुपारपर्यंत नीट चाले आणि मग जेवून सुस्तावल्यासारखं मागं पडे. एक पालथं ठेवलं तरच चाले. एकाची तबकडी नवीन रंगवलेली आणि पोटात दुसऱ्याच कुठल्या तरी घड्याळाची चाकं. आणि एक तर हलवत राहिलं तरच चालायचं, स्वस्थ ठेवलं की बंद. भावजींच्या हातावर मात्र ते कधी बंद पडलं नाही.

मी याबद्दल बोलले तेव्हा भावजी हसले. "घड्याळाचं तोंड बघावं, वैनी. पोट उघडू न्हाई." पुरुषमाणसाच्या धंद्यात आपण काय बोलायचं, आणि मी मुळातच चारचौघांत तोंड उघडणारी नव्हे.

कुणी तक्रार घेऊन आलंच, तर भावजींच्या मदतीला सरकार होतं. लढाईपायी सरकारनं सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढं करून ठेवली होती. गावात निम्मे लोक नवा टाइम धरून चालत आणि निम्मे जुना. घड्याळ पुढं जातंय म्हटलं की भावजी म्हणत, "नवा टाइम दावतंय." मागं पडतंय म्हटलं की, "जुना टाइम हाय, आपल्या बापजाद्याचा." एका पेन्शनीत निघालेल्या हवालदारानं दोन दिवस त्यांचा पिच्छा पुरवला, तेव्हा ते त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "घड्याळ बरोबर हाय, हवालदार. सरकार चुकतंय." लढाई संपली आणि सरकारनं तो तास परत घेतला. गावात पेढे वाटले. भावजी तेवढे दिवसभर तोंड पाडून होते.

दुसऱ्या वर्षी हौसाचं लग्न ठरलं. मुलगा सांगलीचा, हळदीच्या वखारीत कारकून. माणसं बरी होती, देण्याघेण्याचं फार ताणलं नव्हतं. लग्न आमच्या दारात झालं. रेशनचे दिवस, तरी गुळाची लापशी पोटभर होती. अक्षता पडल्या, पंगत बसली. आणि भावजींनी वाढायला म्हणून लापशीचं भांडं उचललं आणि बाह्या वर सारल्या.

घड्याळाची गोष्ट तोवर कुणाच्या डोक्यात नव्हती. पण भावजी जावयाच्या पानापुढं वाकले, आणि पाच घड्याळं त्याच्या नाकासमोरून चमकत गेली. त्यातल्या दोन घड्याळांचे आकडे तर अंधारात उजळणारे. जावयानं हात मागं घेतला आणि मान खाली घातली. नवरदेव रुसला.

आमच्याकडं नवरदेवानं पंगतीत रुसायची रीतच आहे, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. कुणी अंगठी मागतो, कुणी सायकल. मुलीकडच्यांनी काही तरी द्यायचं, हसायचं, आणि मग नवरदेव घास उचलतो. जावयाचे मामा शेजारीच बसले होते. त्यांनी मोठ्यानं सांगितलं की पोराला मनगटी घड्याळ पाहिजे. सगळी पंगत हसली. इतकं स्वस्तात सुटलो म्हणून यांनाही हायसं वाटलं. हे म्हणाले, "श्रीपा, काढ की एक."

भावजी भांडं घेऊन उभे. म्हणाले, "सांजच्याला देतो. ह्यातलं न्हाई."

पंगतीला वाटलं, चेष्टा चाललीय. मग कळलं, चेष्टा नाही. मामा म्हणाले, हातात पाच आहेत, त्यातलं एक आत्ताच सुटत नाही का? मग आपलं मनगट वर करून ते सगळ्यांना दाखवत म्हणाले, "ह्ये बघा. ह्यांच्याकडनंच घेतलंय सांगलीत. सा म्हैनं झालं, काय बी तक्रार न्हाई. असलंच द्या."

मी स्वयंपाकघराच्या दारात तुपाची वाटी घेऊन उभी होते. मामांच्या मनगटावरचं घड्याळ मी ओळखलं. पोटात दुसऱ्याची चाकं होती ते. तेव्हा मी पंगतीवरून नजर फिरवली. अकरा मनगटांवर घड्याळं होती, आणि त्यातली नऊ आमच्या डब्यातून गेलेली. भावजी काय बोलणार? ह्या पाचांतलं एकही पोरीला देण्याच्या लायकीचं नाही असं म्हणावं, तर निम्मी पंगत आपापलं घड्याळ कानाला लावणार.

ते नुसते म्हणत राहिले, "सांजच्याला. चांगलं देतो."

"आन् ही काय वाईट हायती?" मामा म्हणाले.

"न्हाईत. ही... गिऱ्हाइकाची हायती."

कुणी तरी मागून म्हणालं की पोरीपेक्षा गिऱ्हाईक मोठं झालं. यांचा चेहरा लाल झाला. सगळ्यांदेखत त्यांनी धाकट्या भावाला चिक्कू म्हटलं, नाक कापलंस म्हटलं. भावजींनी मान वर केली नाही. मामा पान सोडून उठायला लागले, आणि नवरदेवाकडची चार माणसं त्यांच्याबरोबर. पंगत अशी उठली असती तर वऱ्हाड तसंच स्टेशनवर गेलं असतं, आणि हौसा अंगाला हळद लागलेली माझ्या दारात राहिली असती. ती आत, माजघरात, भिंतीला टेकून बसली होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

जावयाची आई, आमच्या व्हीनबाई, बायकांत बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "खरंच देत्यात का ओ, का नुसतं झुलवत्यात?"

मी म्हटलं, "देत्यात. मी डब्यातली सगळी घड्याळं ओळखती. त्यातलं न्हाई म्हनत्यात, ते तुमच्या पोराच्या भल्यासाठी." एवढ्या बायकांत मी एवढं बोलले ती पहिलीच वेळ. व्हीनबाईंना काय ते कळलं. शहाणी बाई. त्यांनी पलीकडं निरोप धाडला की अन्नावर राग नको, सांजपर्यंत वाट बघू. मामा पुटपुटत बसले. जावयानं घास घेतला, पण हसला नाही.

भावजी तोवर सायकलवर बसून निघूनही गेले होते.

दुपार उतरली. वऱ्हाडाच्या गाड्या जुंपल्या. हौसा रडून रडून गप्प झाली होती. हे ओसरीवर बसून भावाला शिव्या देत होते, आणि मामा दर दहा मिनिटांनी आपल्या त्या घड्याळात बघून वेळ सांगत होते. शेवटी हौसा गाडीत बसली, आणि ओढ्याच्या वळणावर भावजी दिसले. पायी. गुडघ्यापर्यंत धूळ.

त्यांनी सरळ जाऊन जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधलं. साधं पोलादी, पांढऱ्या तबकडीचं, न चमकणारं. पट्टा जुना. जावयानं हात फिरवून बघितलं, मग भावजींच्या बाहीकडं बघितलं. मामा म्हणाले, "ह्याच्यापरीस मगाचं बरं हुतं." लोक हसले. भावजीही हसले. गाड्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सायकल कुठं आहे ते विचारलं. ओढ्यापलीकडं तीन कोसांवर एक म्हातारे सुभेदार होते. त्यांच्या घड्याळापायी भावजी दोन वर्षं खेटे घालत होते. "त्यांच्याम्होरं पाचीबी काढून ठिवली," भावजी म्हणाले. "हातानं बाजूला सारली म्हाताऱ्यानं. म्हनला, सायकल ठिव."

मी म्हटलं, काल एवढं ऐकून घेतलंत, त्यापेक्षा एखादं बरं चालणारं दिलं असतं तर? महिना दोन महिने चाललंच असतं. बंद पडल्यावर तुमचं नाव घेतलं असतं फार तर.

"माझं नाव घेत्यात त्येची सवय हाय, वैनी," ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते उंबऱ्यावर टेकले होते. "पर घड्याळ मानूस दिसातनं ईस येळा बघतंय. बंद असलं की ईस येळा तिला बोलत्याल. तुझ्या काकानं दिलं म्हनून. रोज."

मी भाकरीचं ताट आणून त्यांच्यापुढं ठेवलं.

पुढं चार महिन्यांनी मी हौसाला भेटायला भावजींबरोबर सांगलीला गेले. तिथं व्हीनबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, तुमचे दीर दर महिन्याला येतात, घड्याळाला तेल द्यायचंय म्हणतात. घड्याळ मिनिटभर इकडं तिकडं होत नाही. मग दर महिन्याला काय बघतात उघडून? मी म्हटलं, त्यांना तेवढी काळजी असते.

जावयानं घड्याळ काढून दिलं. भावजी ओसरीवर, स्वयंपाकघराच्या दारासमोर बसले. मांडी घालून, हलले नाहीत. उजव्या डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं. मी शेजारीच होते म्हणून मला दिसलं. भिंगाचा डोळा त्यांनी मिटून घेतला होता, आणि उघड्या डोळ्यानं ते दारातून आत बघत होते. हौसा चुलीपुढं होती. पाण्याला उठली, परत बसली. हातात बांगड्या होत्या. अंगानं जरा भरली होती. नणंद काही तरी म्हणाली, आणि हौसा तोंडाला पदर लावून हसली.

भावजींनी झाकण दाबून बसवलं, घड्याळ जावयाच्या हातात दिलं आणि उठले.

"चला वैनी," म्हणाले, "गाडीची येळ झाली."

गाडीला अजून दोन तास होते.