लिंबाजीमामांचा कान आणि मुका कंप्युटर

पुण्याच्या कंपनीतून अर्पिता मॅडमचा फोन आला तेव्हा माधवी ज्वारी निवडत होती. "आवाज फार छान आहे तुमचा," मॅडम म्हणाल्या, "पण मागे सतत पाऊस कसला पडतोय?"

वालूरला मे महिना तापला होता. पाऊस सोडाच, आभाळात ढगाचं चिरगूटही नव्हतं. तरी माधवीने अंगणात जाऊन एकदा वर बघून घेतलं. मग तिच्या ध्यानात आलं की हा पाऊस पोत्यांच्या खोलीत पडतो आहे. तिच्या नवऱ्याचा, आदिनाथचा, कॉलेजच्या काळातला कंप्युटर तिथे होता. त्याचा पंखा असा काही गरगरायचा की खोलीत बसलेल्या माणसाला छत्री आठवावी.

ही कंपनी गोष्टींची पुस्तकं वाचून घेई आणि लोकांना मोबाइलवर ऐकवी. माधवीचा नमुना त्यांना पसंत पडला होता. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत एक अख्खी गोष्ट स्वच्छ आवाजात पोचली, तर बारा पुस्तकांचं काम तिला मिळणार होतं. नाही पोचली तर यादीतली पुढची बाई तयारच होती. माधवीला हे काम हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. मराठी घेऊन बी. ए. केलं, लग्नाला सात वर्षं झाली, आणि त्या बी. ए.चा उपयोग आजवर सासूला पोथी वाचून दाखवण्यापलीकडे झाला नव्हता.

जागा मात्र तिने नामी शोधली होती. पोत्यांच्या खोलीत तिन्ही बाजूंना ज्वारीची थप्पी, त्यामुळे आवाज घुमत नसे. पण मधे जागा उरे ती एका स्टुलाची आणि माधवीची. तेव्हा नवा कंप्युटर घ्यायचा तर तो लहान हवा आणि मुका हवा. असा तयार मिळेना. सुटे भाग निवडून तो घरीच जोडायचा, असं माधवीने ठरवलं. आदिनाथ नोकरीनिमित्त पूर्णेला असे. त्याने फोनवर होकार दिला आणि एवढंच म्हटलं, "मामांना सोबत ने. न्हाईतर घरात महाभारत होईल."

ते खरं होतं. माधवीचे सासरे लिंबाजीमामा यांचा कान पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. कुठल्याही विहिरीवरची मोटर बिघडली की मामांना बोलावणं यायचं. मामा खिशातून पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, काढत, त्याचं टोक मोटरीला आणि मूठ आपल्या कानाला लावत, डोळे मिटत, आणि निकाल देत. "बेअरिंग गेलं." "पाण्याऐवजी हवा घ्यायली." निकाल चुकला असं कधी झालं नव्हतं. मामांनी ऐकल्याशिवाय या घरात पिठाची चाळणीसुद्धा आली नसती, मग कंप्युटर कसा येणार?

परभणीच्या दुकानात सिद्धोधनने काउंटरवर सामान मांडलं. तो जाणता दुकानदार होता, गिऱ्हाईक बघून जीभ वळवायचा. "ताई, पंखा मोठाच घ्या. मोठा पंखा हळू फिरतो, म्हणून गप राहतो. लहान पंख्याला तेवढाच वारा द्यायला जीव तोडून पळावं लागतंय."

"आणि ही हार्ड डिस्क?" माधवीने विचारलं.

"ती आत फिरती आणि टकटक करती. त्यापेक्षा ही एसएसडी घ्या. ह्याच्यात फिरणारं काहीच न्हाई."

मामा पुढे सरकले. "काहीच फिरंना, मग चालतंय कशावर?"

"मामा, ते विजेवर चालतंय."

"विजेवर तर समदंच चालतंय. पण फिरतंय की न्हाई?"

सिद्धोधनने विषय बदलून पॉवर सप्लाय दाखवला. त्याचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरतच नव्हता. "कामचुकार हाय," मामा म्हणाले. माधवीने तोच बाजूला ठेवायला सांगितला.

मग पंख्यांची पारख सुरू झाली. सिद्धोधनने एकेक पंखा लावायचा आणि मामांनी पेचकस टेकवून ऐकायचं. पहिला खडखडला, मामांनी मान डोलावली. दुसरा घरघरला, मामा खूश झाले. तिसरा असा गर्जला की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. "ह्यो घे, पोरी. ह्याला म्हणायचं मशीन!" चौथ्याला काहीच ऐकू येईना. मामांनी पेचकस या कानाचा त्या कानाला लावला. "मेलाय ह्यो."

"फिरायलाय बगा की, मामा."

मामांनी डोळे उघडून पाहिलं. पंखा खरोखर फिरत होता. त्यांचा चेहरा उतरला. "फिरायलाय, पण बोलंना. असल्या माणसाचा बी भरवसा धरू नये."

"हाच द्या," माधवी म्हणाली.

आता एकच अडचण उरली. कंप्युटरचा डबा लहान आणि पंखा मोठा. सिद्धोधन कागदावरचे आकडे बघून डोकं खाजवू लागला. मामांनी बोटं आडवी धरून डबा आतून मोजला, मग पंखा मोजला. "बसतंय. अर्धं बोट शिल्लक राहतंय." बसवून बघितला तर अर्धं बोटच शिल्लक होतं. सिद्धोधनने हात जोडले, आणि परतीच्या एसटीत मामांचा राग जरा निवळला.

गुरुवारी माधवीने बाजेवर पांढरी चादर पसरून, मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत कंप्युटर जोडला. सासूबाई, म्हणजे भिवराबाई, हळदकुंकवाची कोयरी घेऊन ताटकळत उभ्या होत्या. "आत्याबाई, आतमधी हळद नका टाकू. वरून बोट लावा," माधवी म्हणाली. नारळ अंगणात फुटला. माधवीने बटण दाबलं, पडदा उजळला, आणि बाकी कशाचाही आवाज झाला नाही. माधवीच्या डोळ्यांत पाणीच आलं. पोळ्यांच्या डब्याहून थोडा मोठा तो कंप्युटर तिला पोटच्या लेकरासारखा वाटला. मामा मात्र मयताला आल्यासारखे उभे राहिले आणि पेचकस खिशात घालून निघून गेले.

शनिवारी माधवी पहाटे चारला उठली. गाव जागं व्हायच्या आत तिने सगळी गोष्ट एका दमात वाचून काढली. इतकं मोकळं तिने कधीच वाचलं नव्हतं. घरचं काम उरकून तिने सकाळभर चुका काढल्या, आणि साडेबाराला शेवटची फाइल बनवायला लावली. त्याला पाऊण तास लागणार होता. तेवढ्यात शेजारच्या पार्वतीबाईंकडून सवाष्ण जेवायचं बोलावणं आलं. सवाष्णीने नाही म्हणायचं नसतं.

"मामा, मशीन चालू हाय. दोनपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका," असं बजावून ती गेली.

मामांनी जबाबदारी घेतली म्हणजे घेतली. ते स्टुलावर बसले. पाच मिनिटांत पडदा काळा झाला. मामांनी कान दिला, काही नाही. पेचकस काढून डब्याला टेकवला, तरी काही नाही. पोरगी पहाटेपासून राबली, पाचला माल पोचवायचा, आणि मशीन बंद पडलं! तिला बोलावून जेवणावरून उठवायचं? छे. मोटर चालू करणं मामांना नवीन होतं काय?

विहिरीवरच्या स्टार्टरला एक हिरवं बटण असतं. ते नुसतं दाबून भागत नाही, मोटर उचलेपर्यंत दाबून धरावं लागतं. चाळीस वर्षांची ती सवय. मामांनी कंप्युटरचं बटण दाबलं आणि दाबून धरलं. मनात दहा आकडे मोजले. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. डब्यावर बारका दिवा लागला, पण दिवा म्हणजे काही मोटर नव्हे, म्हणून त्यांनी परत दाबून धरलं. दिवा विझला. मोटर निवावी म्हणून मधे थांबत थांबत असं सात वेळा झालं. मामा घामाघूम झाले, पण हार मानेनात. आठव्यांदा बटणावर बोट होतं तेव्हाच माधवी दारात उभी राहिली.

"मामा, काय करायलाव?"

"भिऊ नको. बंद पडलं व्हतं. मी चालू करायलोय."

माधवीने कंप्युटर चालू केला, फाइल उघडली. ती उघडेना. पहाटेची मूळ फाइलही त्याच गोंधळात बिघडली होती. चार वेळा खटपट करून माधवी मटकन पोत्यावर बसली. ती रडली नाही की ओरडली नाही. नुसती म्हणाली, "मामा, ते चालू असतानाच गप असतं हो."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "म्हणजे मीच बंद केलं?"

"हौ."

भिवराबाईंनी स्वयंपाकघरातून येऊन विचारलं, "पुन्हा वाचाया किती येळ लागतो?"

"सव्वा तास. आता अडीच वाजल्यात. पण आत्याबाई, पहाटेची गोष्ट निराळी. तीनला गिरणी सुरू व्हईल, रसवंती सुरू व्हईल. समदं आत ऐकू येतंय."

मामा उठले. त्यांनी पेचकस खिशात घातला, टोपी सरळ केली. "तू वाचाया बस. तीन ते साडेचार ह्या गल्लीत पान हललं तर नाव सांगणार न्हाई लिंबाजीचं."

मुंजाजी गिरणीचं दार उघडतच होता. ओट्यावर पाच डबे रांगेत होते. "जरा सुरू कर," मामा म्हणाले. गिरणी सुरू झाली. मामांनी पेचकस टेकवला, डोळे मिटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खोटं बोलले. "बंद कर. बेअरिंग बिमार हाय. दीड तास थंड व्हऊ दे, न्हाईतर मोटर जळंल."

मुंजाजी घाबरला. मामांचा कान म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. त्याने गिरणी तर बंद केलीच, वर दाराला कुलूपही लावलं.

पुढे रामहरीची रसवंती. ऊस लावायच्या आत मामांनी चरकाची मोटर ऐकली. "हिच्या आतमधी ताप हाय." रामहरीने गुमान घुंगरांच्या चरकावर ओलं पोतं टाकलं. पार्वतीबाईंच्या कूलरला मामांनी दमा ठरवला. वेल्डिंगवाल्याला सांगितलं की आज हात लावलास तर शॉक बसेल. गल्ली हळूहळू निजली. मामा इतके रंगात आले की चंद्रभान मेंढरं घेऊन वळणावर आला, तेव्हा त्यांनी सवयीने पुढच्या मेंढ्याच्या पोटालाही पेचकस लावला.

चंद्रभान म्हणाला, "मामा, ही मोटर न्हाई."

"कळतंय मला. तरी बी ह्याला सावलीत बसव. पोटात गुरगुर लय हाय."

"त्यानं चारा खाल्लाय, मामा!"

"म्हणूनच म्हणलं. वढ्याकडून ने." चंद्रभानने मेंढरं ओढ्याकडून नेली.

गोष्ट आता तोंडपाठच झाली होती; एकही चूक न होता चारला माधवीने शेवटचं वाक्य वाचलं. यावेळी ती फाइल बनेपर्यंत जागची हलली नाही. चार पन्नासला गोष्ट पुण्याला पोचली. मामा उंबऱ्यावर उभे होते. आत यायची त्यांची हिंमत होईना. माधवीनेच बाहेर येऊन त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "मामा, काय गाव गप केलं हो तुमी!" तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

पण खोटं बोलल्याची टोचणी मामांना रात्रभर लागून राहिली. रविवारी सकाळी मुंजाजी येताना दिसला तसे ते खजील होऊन उठले. माफी मागायला तोंड उघडणार, तर मुंजाजीने त्यांचे पायच धरले. "मामा, ग्यानबा मेकॅनिककडून मोटर खोलून घेतली. बेअरिंगचा भुगा झालता! आणखी दोन दिवस चालवली असती तर जळलीच असती."

खोटं म्हणून जे बोलले ते खरं निघालं होतं. आपल्या कानाने आपल्याही नकळत ऐकलं की काय, हे मामांना ठरवता येईना. दुपारी रामहरी रसाचा तांब्या देऊन गेला. त्याच्या मोटरीला काहीच झालं नव्हतं, पण एकदा खोलून परत बसवल्यापासून ती लय भारी चालत होती म्हणे.

सोमवारी अर्पिता मॅडमचा फोन आला. माधवीने सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तो स्पीकरवर लावला. बारा पुस्तकांचं काम तिला मिळालं होतं. भिवराबाईंनी सुनेची दृष्ट काढली आणि मामांनी टोपीनेच डोळे पुसले.

"आणि माधवीताई," मॅडम पुढे म्हणाल्या, "आमच्या इंजिनीयरने तुमची फाइल तीन वेळा ऐकली. भरदुपारी एवढी शांतता! पुण्यात लाखो रुपयांचे स्टुडिओ बांधूनही अशी मिळत नाही. तुमचं गाव मुळातच शांत आहे ना? आम्ही ठरवलंय, जूनपासून आमचे चार वाचक महिनाभर तुमच्याकडेच पाठवायचे. रोज दुपारी सहा तास वाचन. चालेल ना?"

माधवीने फोनवर हात ठेवून मामांकडे पाहिलं. मामा बोटांवर काहीतरी मोजत होते. गिरणीचं बेअरिंग, रसवंतीचा ताप, कूलरचा दमा, वेल्डिंगचा शॉक. बोटं संपली नाहीत, पण दुखणी संपली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"हौ म्हण," ते शेवटी हळूच म्हणाले, "पण रोज सहा तास, महिनाभर बिमार पाडायच्या म्हणजे आधी मोटरींना नवी दुखणी शोधावी लागतील."