उंद्रीतला प्लगचा प्रश्न

माणसाची खरी ओळख तो कोणता स्पार्क प्लग निवडतो यावरून होते. थोर विचारवंतांनी हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, कारण त्यांच्या गाड्या दुसरेच लोक चालू करून देत.

उंद्री गावाला वीज देणारी डीपी जळाली. (ती दर उन्हाळ्यात जळते, एखाद्या वर्षी वेळेवर जळाली नाही तर लोक काळजीत पडतात.) मोटारपंप बंद, आणि जनकाबाईंच्या मिरचीला पाणी हवं. म्हणून सासऱ्यांच्या काळातलं इंजिन गोठ्यातून काढून विहिरीवर बसवलं. ते चालू होईना.

"प्लग गेला असन, काकू," पुतण्या जीवन म्हणाला. त्याच्याकडे मोटारसायकल असल्यामुळे हे मत तज्ज्ञाचं मानण्यात आलं.

आता प्रश्न एवढाच उरला : प्रीमियम की साधा?

साध्याच्या बाजूने माजी सरपंच पंजाबराव. "आपल्या बापजाद्यायनं साध्यावरच पोरी उजवल्या," ते म्हणाले. प्रीमियमच्या बाजूने जीवन. त्याने इरिडियम प्लगचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला होता. पारावर कौल घेतला. निम्मे प्रीमियमकडे, निम्मे साध्याकडे आणि उरलेले निम्मे तटस्थ निघाले.

"मिरची माना टाकून राह्यली बाप्पा," जनकाबाई हंडा टेकवत म्हणाल्या.

"काकू, घाई नोका करू. चुकीचा प्लग टाकला तं इंजिन बंद पडन."

"मंग आता काय चालून राह्यलं का बे ते?"

हा मुद्दा तांत्रिक स्वरूपाचा नसल्याने चर्चेला घेतला गेला नाही.

चर्चा सखोल झाली, म्हणजे लांबली. अखेर प्रीमियम जिंकला. पंजाबरावांनी निषेध म्हणून दुसरा चहा नाकारला. जीवन चिखलीहून प्लग घेऊन आला. डबी हातोहात फिरली. ज्यांचा साध्याला पाठिंबा होता त्यांनीही ती उघडून पाहिली. मग सगळे विहिरीवर गेले आणि प्लग बसवायची जागा शोधू लागले. ती सापडली नाही.

"साध्याची असती तं सापडली असती," पंजाबराव म्हणाले.

तोवर मिरची वाळली होती. जनकाबाई ती उपटून बांधावर टाकत होत्या.

वाचकहो, एव्हाना आपणही मनोमन एक बाजू घेतली असेल. सुशिक्षितांचा कल सहसा प्रीमियमकडे असतो. इंजिन डिझेलचं होतं. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो.