आप्पांचा रशियन

अकलूजच्या यंत्र-प्रदर्शनाच्या मॅडम तपासायला येणार, म्हणून नागप्पा बिराजदारांनी ट्रॅक्टरला सकाळीच शांपू लावून अंघोळ घातली होती. दुधनीत ट्रॅक्टर पुष्कळ, पण हा रशियाचा. बहात्तर साली नागप्पांच्या वडिलांनी, म्हणजे मल्लप्पाआप्पांनी, तो मुंबई बंदरातून स्वतः चालवत आणला होता. निदान नागप्पा तसं सांगत. वाटेत किती दिवस लागले, तो आकडा मात्र ऐकणारा पाहून बदलत असे.

प्रदर्शनाची अट एकच होती. ट्रॅक्टरचे निम्म्याहून जास्त भाग मूळचे हवेत. मग तो अगदी दारात उभा राहणार आणि शेजारी तो मूळ विकत घेणाऱ्याच्या नावाची पाटी लागणार. आप्पांनी जन्मभर गावची निम्मी जमीन नांगरली, पण त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर आलं नाही, ही गोष्ट नागप्पांना फार लागली होती. म्हणून निकालाची वाट न बघता त्यांनी सोलापुरातून, नवी पेठेतून, पाटी रंगवूनच आणली होती.

वैष्णवी मॅडम तिशीतल्या, शांत इंजिनिअर. त्यांनी पिशवीतून पत्र्याची खरवडणी काढली.

"काका, यात काही बदललंय का?"

"न्हाय की! बोटीतनं उतरला तसा हाय."

"रंगाचे थर बरेच दिसतात."

"दर खंडेनवमीला एक हात. रंग मारायचा, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा."

मूळच्या प्रत्येक भागावर रशियन कारखान्याची खूण ओतलेली असते, असं सांगून मॅडम खरवडू लागल्या. रेडिएटरवर खूण नव्हती. नांगर उचलायच्या दांड्यावर नव्हती. सीट न्हाव्याच्या जुन्या खुर्चीचं निघालं. इंजिनावर तर 'राजकोट' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

"राजकोट बी लांबच हाय की," नागप्पा म्हणाले.

शेवटी कोंडीबा मिस्त्रीला बोलावणं गेलं. गेली तीस वर्षं या ट्रॅक्टरचं दुखणंखुपणं तोच बघत होता.

"सगळंच बदललंय मॅडम. स्टीअरिंग तेवढं जुनं," तो नागप्पांकडे बोट दाखवत म्हणाला. "ह्ये आण्णाच म्हणायचे, नवं बसव."

"बदललं म्हणून काय झालं?" नागप्पा मनापासून चकित झाले. "रंग लागला, पूजा झाली, की त्यो पार्ट आप्पांचाच!"

मॅडमनी हे फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात लिहावं याचा थोडा विचार केला. मग त्यांची नजर बॉनेटच्या पुढच्या गोल ठिगळावर गेली. खरवडल्यावर तिथं चक्क टिंबाटिंबांची अक्षरं दिसू लागली. नागप्पांच्या जिवात जीव आला.

"आली बगा तुमची रशियन खूण!"

मॅडमनी फडक्याने पुसून मोठ्याने वाचलं, "चि. सौ. कां. निंगव्वा हिस मामाकडून सप्रेम भेट."

नागप्पांची बायको निंगव्वा चहा घेऊन नेमकी मागेच उभी होती.

"यव्वा! माजी परात!"

ही परात पंधरा वर्षांपूर्वी समोरच्या घरी, नागप्पांचा चुलतभाऊ सिद्धलिंग याच्याकडे, बारशाला वापरायला दिलेली होती. सिद्धलिंगची बायको चन्नम्मा म्हणाली, परात घासून तुमच्या कट्ट्यावर ठेवली. निंगव्वा म्हणाली, तूच दाबलीस. तेव्हापासून दोन घरांमधला रस्ता कुणी ओलांडला नव्हता.

"पेरणीची घाई हुती," कोंडीबा निरागसपणे म्हणाला. "आण्णांनी कट्ट्यावरची उचलून दिली, म्हणले ठोक."

नागप्पा आभाळाकडे बघू लागले.

"तुमाला ठावं हुतं?" निंगव्वाने विचारलं.

"इसरलो हुतो गं. आठवलं, तवर तुमचं भांडान लई म्होरं गेलं हुतं."

निंगव्वाने नागप्पांचा चहा कोंडीबाला दिला.

"मिस्त्री, काढलेले भाग कुठे गेले? भंगारात?" मॅडमनी विचारलं.

कोंडीबाने मान खाजवली. "चांगली वस्तू टाकवत न्हाय मला. सिद्धलिंगला बसवली की समदी."

सिद्धलिंगने लिलावात याच जातीच्या ट्रॅक्टरचा नुसता सांगाडा घेतला होता. तीस वर्षं नागप्पा त्याला 'भंगार' म्हणत आले होते. आता सगळी वरात रस्ता ओलांडून त्या भंगाराकडे निघाली.

मॅडम खरवडत गेल्या. इंजिनावर खूण. रेडिएटरवर खूण. दांड्यावर खूण. क्लचचं पेडल एका कडेला खोल झिजलेलं होतं. आप्पांचा डावा पाय अधू होता, ते कडेनेच दाबत. नागप्पा वाकले आणि त्यांनी त्या झिजलेल्या जागेवर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं आपण न्हाव्याच्या खुर्चीपुढे नारळ फोडत होतो आणि आप्पा समोरच्या दारात उभे होते.

"न्या की आण्णा अकलूजला," सिद्धलिंग म्हणाला. "पाटी मोठ्या आप्पांचीच लावा. मला बी त्यांनीच हेच्यावर बसवून साळंला सोडलं हुतं."

"न्या," दारातून चन्नम्मा म्हणाली. "पर माजी एक अट हाय. तुमच्या ट्रॅक्टरची ती परात आता रंगवायची न्हाय. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाचता आली पायजे."

"मी सोता घासंन," निंगव्वा म्हणाली आणि पुढे होऊन तिने चन्नम्माचा हात धरला. "चुकलं माजं. चहा टाक."

खंडेनवमीला नागप्पांनी नेहमीसारखा लाल रंग काढला. निंगव्वा बॉनेटसमोर स्टूल टाकून बसली, तेव्हा त्यांनी परातीला वळसा घालून रंग दिला. नारळ मात्र ते समोर घेऊन गेले आणि क्लचच्या पेडलला कुंकू लावून आले.

दोन दिवसांनी मॅडमचं पत्र आलं. सिद्धलिंगच्या ट्रॅक्टरला दारातली जागा आणि आप्पांच्या पाटीला मान्यता मिळाली होती. खाली नागप्पांच्या ट्रॅक्टरचा अहवाल होता: "स्टीअरिंग मूळचे. बाकी भाग कुठून आले, सांगता येत नाही. अपवाद परात. तिच्यावर लेखी पुरावा आहे."

नागप्पांनी पत्र दोनदा वाचलं आणि निंगव्वाला न दाखवता खिशात घातलं. बाहेर ती आणि चन्नम्मा दोघी मिळून पुरावा राखेने घासत होत्या.