दामल्यांची दुरुस्ती

इंग्रज हा देश सोडून गेले, तेव्हा आपल्या भाषेची जबाबदारी त्यांनी एका लायक माणसावर सोपवली. तो माणूस सॉल्ट लेकमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. नेमणूक त्याची त्यानेच केली आहे.

दामलेकाका बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. कोणी 'अफेक्ट'च्या जागी 'इफेक्ट' म्हटलं, की ते जवळचं माणूस गेल्यासारखे डोळे मिटून घेतात. मग म्हणतात, "चेहरा सारखा, माणूस वेगळा."

वरच्या मजल्यावरचे सेनबाबू एकदा त्यांच्याकडे शिडी मागायला गेले आणि 'लेंड'च्या जागी 'बॉरो' म्हणून बसले. काकांनी त्यांना दारातच उभं करून कोणता शब्द घेणाऱ्याचा आणि कोणता देणाऱ्याचा हे समजावलं, वदवून घेतलं, मग शिडी दिली. ती अजून परत आलेली नाही. परत करताना कोणता शब्द लागतो, याची सेनबाबूंना धास्ती असावी.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या पत्रिकेत पाहुण्यांना 'एमिनंट', म्हणजे थोर, म्हणायचं होतं. छापलं गेलं 'इमिनंट', म्हणजे लवकरच कोसळणारं, बहुधा संकट. काकांनी भर कार्यक्रमात उठून हा खुलासा केला. नंतर पाहुणे बोलायला उभे राहिले ते बसेचनात, तेव्हा मला छापखान्याचंच बरोबर वाटलं.

त्यांचा मुलगा अमोल सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी करतो. लहानपणी जेवताना तो इंग्रजीत जे बोलेल, ते काका दुरुस्त करून परत द्यायचे. आता तो दर रविवारी येतो आणि वडिलांशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलतो. त्यात चूक काढायला जागा नसते.

अमोलची बायको बंगाली, त्यामुळे त्यांच्या घरात बंगालीच चालतं. सहा वर्षांची तिस्ता मराठी बोलते ती फक्त आजोबांशी, बंगाली डोक्यात ठेवून. आणि बंगालीत पाणीही खातात, चहाही खातात.

गेल्या रविवारी मी काकांकडे बसलो होतो. अमोल खिडकीपाशी मोबाइल बघत होता. तिस्ता खालून खेळून आली.

"आजोबा, मी खूप पाणी खाल्लं. तू चहा खाल्लास?"

काकांनी डोळे मिटले. आता हिची पाळी, असं मला वाटलं. अमोलनेही मान वर केली.

काकांनी डोळे उघडले. "नाही गं अजून. चल, दोघं खाऊ."

ती कप आणायला आत पळाली. मी हळूच विचारलं, "काका, हे चालतं?"

"एकदा सगळं दुरुस्त करून बघितलंय," ते म्हणाले. खिडकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

मग अमोलने मोबाइल खिशात ठेवला.

"बाबा," तो म्हणाला, "मीपण खाईन थोडा चहा."

काकांनी चूक काढली नाही. ते स्वतः उठून चहा टाकायला गेले.

चहा बिनसाखरेचा होता. काकांना मधुमेह आहे.