ओढ्याकाठच्या दोन जमाती

माणूस नश्वर आहे, मडकं त्याहून नश्वर. फुटलेलं मडकं मात्र अमर आहे. सगळं पुरातत्त्वशास्त्र या एका सत्यावर उभं आहे. हाडं विरघळतात, झोपडीचे खांब वाळवी खाते, भांडणं कुणी लिहून ठेवत नाही. उरतं ते खापर.

शास्त्राचा नियम सोपा आहे. एका नक्षीची तीन खापरं सापडली तर योगायोग, तीस सापडली तर परंपरा, आणि तीनशे सापडली की ती एक स्वतंत्र जमात होते. मग तिला नाव मिळतं, नकाशावर एक बाण मिळतो, आणि ती बाणाच्या शेपटाकडून टोकाकडे चालत आली असं धरलं जातं. (का आली, हे विचारायचं नसतं. बहुधा दुष्काळ.)

मलावीत, शिरे नदीच्या खोऱ्यातल्या म्पिंडू गावी लिंबानी चिसाले याने तीन वर्षांत ९,४१२ खापरं मोजली. लिंबानी मुळात रसायनशास्त्राचा पदवीधर. ताटातल्या सुक्या माशाचीही लांबी तो आधी अंदाजाने सांगायचा, मग पट्टी लावायचा, मग खायचा. म्पिंडूच्या मधून एक ओढा वाहत शिरेला मिळतो. ओढ्याच्या अलीकडे दीड हजार वर्षांपूर्वीची गुळगुळीत, घोटलेली खापरं निघाली. पलीकडे त्याच काळातली, पण दातेरी ठशांची. माती एकच (पृथक्करण त्यानेच केलेलं), चुली सारख्या, राखेतले काटेही एकाच जातीच्या माशाचे. पण नक्षी वेगळी. म्हणजे जमाती दोन. एक उत्तरेकडून आली, दुसरी पश्चिमेकडून, आणि ओढा ही त्यांची सरहद्द. ओढ्याकाठी फुटकी मडकी फार, म्हणजे युद्ध.

लिंबानीची डॉक्टरेट या दुसऱ्या जमातीवर टांगलेली होती. जमात एकच निघाली असती तर प्रबंधाचा निष्कर्ष ‘या गावात मडकी होती’ एवढाच उरला असता, आणि तेवढ्यावर विद्यापीठ पदवी देत नाही. (हल्ली.)

प्रबंध तपासणारी समिती यायला नऊ दिवस राहिले असताना त्याला प्रामाणिकपणाचा झटका आला. शास्त्र शिकलेल्यांना तो अधूनमधून येतो. बहुतेक जण विश्रांतीने बरे होतात. लिंबानी झाला नाही. मेलेल्यांना लावलेली पद्धत एकदा जिवंतांना लावून बघू, असं त्याच्या मनाने घेतलं.

म्पिंडूत आज मडकी घडवणाऱ्या दोघीच. एनेलेसी आजी, वय एकाहत्तर, ओढ्याअलीकडे. लोफिना आजी, वय अडुसष्ट, पलीकडे. दोघींची चाळीस-चाळीस मडकी मोजून त्याने आकडे तक्त्यात घातले. उत्तर आलं: दोन स्वतंत्र जमाती, परस्परांशी नातं नसण्याची शक्यता सत्त्याऐंशी टक्के, आगमनात अंतर तीनशे वर्षांचं.

दोघी सख्ख्या बहिणी होत्या.

“एकतीस वर्षं झाली आई जाऊन,” एनेलेसी आजी मडक्याचा काठ ओढत म्हणाली. “तिचा घोटायचा गोटा मी घेतला. थोरली मी, दुसरं कोण घेणार? तर ही बया रुसली. गोट्यावाचून घडवून दाखवते म्हणाली, आणि दाणे सोललेलं मक्याचं कणीस फिरवायला लागली ओल्या मातीवर. तेव्हापासून तिची मडकी खरखरीत. डोक्यावर घेतलं तर केस उपटतील.”

“आजी, तुम्ही बहिणी नसण्याची शक्यता सत्त्याऐंशी टक्के आहे.”

आजीचा हात थांबला. “आणि बाकीचे तेरा?”

“ते शिल्लक राहतात.”

“शिल्लक नव्हेत रे. ते आईचे.”

पलीकडे लोफिना आजीने हीच बातमी ऐकून मांडीवर थाप मारली. “बघ! एकतीस वर्षं मी गावाला हेच सांगतेय. पण सत्त्याऐंशीच का रे? तुझं गणित कच्चं. हे मक्याचं थोबवा पी घोटभर आणि पुन्हा मोज.”

त्याने पुन्हा मोजलं. सत्त्याऐंशीच.

उरलेले दिवस लिंबानी जेवला नाही. (दुरुस्ती: जेवला, पण मासे मोजले नाहीत.) शेवटी त्याने ही चाचणी प्रबंधात घातली आणि खाली लिहिलं, ‘या पद्धतीने सख्ख्या बहिणीही दोन जमाती ठरतात. सबब प्राचीन जमाती दोन होत्या, असं म्हणता येत नाही.’ मग आईला फोन करून मामाच्या दुकानात जागा आहे का, ते विचारलं.

समिती तिघांची होती. बैठक गावातच, आंब्याखाली भरली.

“पद्धत चुकली, हे तुम्ही कशावरून म्हणता?” अध्यक्षांनी विचारलं.

“सर, त्या बहिणी आहेत.”

“कोण म्हणतं?”

“सगळा गाव.”

“गाव हा ऐकीव पुरावा झाला, चिसाले. मूळ पुरावा बोलवा.”

मूळ पुराव्याला बोलावण्यात आलं. नियमाप्रमाणे, वेगवेगळं.

“आजी, ओढ्यापलीकडच्या बाईंशी तुमचं काही नातं?”

“माझं? तिच्याशी?” एनेलेसी आजीने कमरेला गुंडाळलेलं चितेंजेचं कापड झटकून पुन्हा आवळलं. “काडीचं नाही.”

लोफिना आजीने प्रश्न पुरा होऊ दिला नाही. “कोण बाई?”

समितीचं समाधान झालं. दोन स्वतंत्र साक्षी, संपूर्ण एकमत. (दोघींचं एकमत झाल्याची एकतीस वर्षांतली ही पहिलीच नोंद.) पद्धत चुकीची तर नव्हतीच, उलट भिडस्त होती: ती सत्त्याऐंशी म्हणत होती, प्रत्यक्षात भरले शंभर. लिंबानीचं वाक्य ‘विनयापोटी घडलेली चूक’ म्हणून गाळण्यात आलं. दोन प्राचीन जमाती कायम झाल्या, शिवाय दोन हयात जमातींची भर पडली. लोकसंख्या प्रत्येकी एक. लिंबानीने हरकत घ्यायला तोंड उघडलं आणि “आभारी आहे” म्हणून मिटलं. मध्ये चार सेकंद गेले. त्याने मोजले.

नंतर दोघी घरी निघाल्या. ओढ्यापर्यंत वाट एकच. थोरली पुढे, धाकटी अठरा मीटर मागे. वाटेत थोरलीला ठेच लागून ती खाली बसली, तशी मागची जागच्या जागी थांबली. पुढची उठून चालायला लागेपर्यंत हलली नाही. मग पुन्हा तेच अठरा मीटर राखून निघाली. लिंबानीने ते अंतर टेपने दोनदा तपासलं. लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

कुठल्या तरी दूरच्या खोऱ्यातलं प्रकरण म्हणून वाचकांनी हे हसण्यावारी न्यायला हरकत नाही. मात्र वाटणीत आईची कढई तुमच्याकडे आली असेल, किंवा आली नसेल, तर उद्याच्या उत्खननात मधल्या भिंतीच्या दोन अंगांना दोन नक्षींच्या कपबश्या सापडणार आहेत. शास्त्रज्ञ लिहितील: इथे दोन जमाती राहत, त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. त्यांना नावं ठेवू नका. आंब्याखाली बोलावून तुम्हांला विचारलं असतं, तरी तुम्ही हेच सांगितलं असतं.